दुपारची वीज, दिवेलागणीची वीज

२०२५च्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर पाऊस वेळेआधीच येऊन ठेपला होता, बऱ्याच राज्यांत आभाळ भरलेलं होतं, कूलर आणि एसी थंडावले होते, सुट्टीमुळे कारखान्यांची मागणीही उतरली होती. पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या सौर पॅनेलांना मात्र यातल्या कशाचीच खबर नव्हती. त्या दुपारी वीज-बाजारातला भाव घसरत घसरत काही काळ जवळजवळ शून्यावर आला. उन्हाळ्यातल्या एखाद्या घामट संध्याकाळी, सात-आठच्या सुमारास, याच बाजारात तेच युनिट कमाल मर्यादेला, म्हणजे १० रुपयांना जाऊन टेकतं आणि तरीही मागणाऱ्या सगळ्यांना मिळत नाही. भाव पडला की लासलगावकडचा शेतकरी कांदा चाळीत भरतो आणि बाजार फिरायची वाट बघतो. विजेला चाळ नाही. निदान परवडेल अशी, पुरेशी मोठी चाळ अजून आपण बांधलेली नाही.

पुढच्याच जुलैत सरकारने जाहीर केलं की देशातल्या वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, गॅस आणि तेल सोडून इतर स्रोतांची आहे. पॅरिस करारानुसार २०२२मध्ये नव्याने दिलेलं हे वचन २०३०साठी होतं, ते पाच वर्षं आधीच पुरं झालं. एकूण क्षमता तेव्हा ४८५ गिगावॅटच्या घरात, आणि त्यातला अर्धा वाटा सूर्य, वारा, पाणी, अणू आणि जैवइंधनाचा. बातमी खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेचा हिशेब मांडायला बसलं की चारातली जवळपास तीन युनिटं अजून कोळशाचीच निघतात. पॅनेल रात्री झोपतं, पवनचक्की वारा पडला की थांबते. क्षमतेचा आकडा भाषणात शोभतो. बिल मात्र युनिटांचं येतं.

या तफावतीमागची कारणं शोधत गेलं की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट हाताला लागते. सौर प्रकल्प उभा करायला वर्ष-दीड वर्ष पुरतं. त्याची वीज वाहून नेणाऱ्या ७६५ केव्हीच्या लाइनला चार-पाच वर्षं लागतात. संध्याकाळसाठी पाणी डोंगरावर चढवून ठेवणाऱ्या प्रकल्पाला त्याहून जास्त. वितरण कंपनीने कोळशाच्या विजेसाठी केलेला करार पंचवीस वर्षांचा असतो. आणि ज्याच्या वावरावरून तार जाणार त्या शेतकऱ्याच्या मनाला तर कॅलेंडर लावताच येत नाही. आपण सर्वात चपळ गड्याला पुढे पळवलं आणि तो किती लांब गेला हे मोजत बसलो.

*

ग्रिड म्हणजे काय हे समजून घ्यायला सोलापूर बरं. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात आलं. त्याआधी १९९१मध्ये पूर्व आणि ईशान्य, २००३मध्ये पश्चिम आणि २००६मध्ये उत्तर असे तुकडे एकमेकांना जोडले गेले होते. दक्षिण तेवढी वेगळी होती. तिच्याशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी, मध्ये डीसीचं (एकदिश प्रवाहाचं) दार ठेवून, मोजूनमापून देवघेव चालायची. सोलापूरने ते दार काढून टाकलं. आता सांगलीतली पिठाची गिरणी आणि गुवाहाटीतला पंखा एकाच वारंवारितेच्या विजेवर चालतात: सेकंदाला ५० आवर्तनं.

हा ५०चा आकडा सांभाळणं ही चोवीस तासांची नोकरी आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारिता खाली येते, निर्मिती जास्त झाली की वर जाते. नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राहायला हवी. दिल्लीतलं राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, पश्चिम विभागाचं अंधेरीतलं आणि महाराष्ट्राचं ऐरोलीतलं केंद्र अशी उतरंड त्यासाठी आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडलेले असतात. कोणत्या ब्लॉकमध्ये कोणी किती वीज सोडायची आणि कोणी किती उचलायची याचं शेड्यूल ठरतं, बदलतं, पुन्हा ठरतं. हे जमलं नाही तर काय होतं ते देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ला पाहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड एकदम कोसळली आणि ६० कोटींहून अधिक लोक अंधारात गेले.

पण अक्षय ऊर्जेच्या संदर्भात आठवायला हवी ती वेगळी रात्र. ५ एप्रिल २०२०, करोनाची टाळेबंदी, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं पंतप्रधानांचं आवाहन. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की काही मिनिटांत देशाची मागणी ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि लगोलग पुन्हा चढली. वारंवारिता एकदा ५०.२६पर्यंत गेली, एकदा ४९.७०पर्यंत आली, पण ग्रिड उभं राहिलं. ते सांभाळलं मुख्यतः पाण्याने. जलविद्युत संच आधी चढवून ठेवले, दिवे मालवले तसे झपाट्याने उतरवले, दिवे लागताच परत चढवले. कोळशाच्या संचाला हे जमत नाही. तो जड अंगाचा, हळू उठणारा आणि हळू बसणारा.

त्या रात्रीची वेळ आणि मुदत निदान आधी जाहीर झालेली होती. सौर ऊर्जा जसजशी वाढते तसतशी रोजची संध्याकाळ त्या नऊ मिनिटांच्या थोरल्या बहिणीसारखी होत जाते. सूर्य कलताना देशभरातले हजारो मेगावॅट दोन-तीन तासांत ओसरतात, आणि नेमकं तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी सुरू होतात. दुपारचं आता फारसं भय उरलेलं नाही. ३० मे २०२४ला देशाने २५० गिगावॅटची, तोवरची विक्रमी मागणी भर दुपारी पुरी केली, त्यात सूर्याचा हात मोठा होता. प्रश्न सूर्य गेल्यानंतरचा आहे.

मध्येच स्पेनबद्दल सांगितलं पाहिजे, कारण २८ एप्रिल २०२५ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी अंधारात गेले तेव्हा आपल्याकडेही ‘बघा, सौर ऊर्जेचं काय होतं’ असा सूर लगेच लागला. युरोपच्या तज्ज्ञ समितीने दाखवून दिलं ते वेगळंच. व्होल्टेज चढत गेलं, ते आवरायला पुरेशी यंत्रणा वेळेवर कामाला लागली नाही आणि एकामागून एक निर्मिती केंद्रं सुटत गेली. जुन्या केंद्रांतली कित्येक टनांची फिरती चाकं ग्रिडला आपोआप थोडं स्थैर्य देत असतात. पॅनेलमागचा इन्व्हर्टर ते आपोआप देत नाही, पण द्यायला लावता येतो. व्होल्टेजही सांभाळू शकतो. त्यासाठी नियम करावा लागतो, तपासावा लागतो आणि त्या सेवेचे पैसे द्यावे लागतात. राजस्थानातल्या सौर पट्ट्यातही एखादी लाइन ट्रिप व्हावी, व्होल्टेज हलावं आणि हजार-हजार मेगावॅट निर्मिती क्षणात गळावी, असे प्रसंग देशाचं ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडियाने अनुभवलेले आहेत. आपली बत्ती गुल झाली नाही, याचं बरंचसं श्रेय नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसांना आहे.

*

संध्याकाळ भागवायची तर दोन वाटा: कोळसा वाकवा, नाहीतर वीज साठवा.

कोळसा वाकवायचा म्हणजे दुपारी संच बंद न करता मंद आचेवर ठेवायचा. संच पूर्ण बंद केला तर पुन्हा पेटवून भार घ्यायला बरेच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी लागणारा संच दुपारीही जागा ठेवावाच लागतो. २०२३च्या केंद्रीय नियमांनी किमान भार ५५ टक्क्यांवर आणायला सांगितलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. दिल्लीजवळच्या दादरीच्या केंद्रात ४० टक्क्यांचा प्रयोग झालाही. पण रोज वर-खाली केल्याने बॉयलरच्या नळ्या थकतात, तेल जास्त लागतं, युनिटमागे कोळसा जास्त जळतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्रासारखी केंद्रं एकसारखं चालण्यासाठी घडवलेली आहेत.

शिवाय कराराचा फास आहे. कोळशाच्या विजेचा दर दोन भागांत लागतो. जळालेल्या कोळशाचा एक, आणि केंद्र उभं केल्याबद्दलचा स्थिर आकार दुसरा. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. दुपारी स्वस्त सौर वीज घेऊन कोळशाचा संच मंद केला की वितरण कंपनीचा कोळसा वाचतो, पण स्थिर आकाराचं ओझं कमी युनिटांवर येऊन पडतं. मग कागदावर दोन-अडीच रुपयांची दिसणारी सौर वीज कंपनीच्या लेखापालाला तेवढी स्वस्त वाटत नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त त्या हिशेबात दिल्लीच्या हवेतला धूर कुठे धरलेला नसतो, आणि चंद्रपूरच्या हवेतलाही.

दुसरी वाट पाण्याची. इथे महाराष्ट्राकडे देशाला हेवा वाटावा असा ठेवा आहे. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट, त्यातला १,००० मेगावॅटचा चौथा टप्पा ऐन गर्दीच्या वेळेसाठीच बांधलेला. सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी कोकणात सोडायचं की काही मिनिटांत शेकडो मेगावॅट हजर. पण कोयनेची मर्यादा यंत्रात नाही, पाण्यात आहे. कृष्णा लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेलं आहे. त्यामुळे कोयनेचा प्रत्येक तास जपून खर्चावा लागतो. पश्चिमेला गेलेलं पाणी वीज देऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, पूर्वेला सोडलेलं सांगलीच्या उसाला आणि पुढे कर्नाटकाला. एका धरणावर इतक्या जणांचे डोळे लागलेले असताना ते पाणी राष्ट्रीय ग्रिडच्या समतोलासाठी हवं तसं वापरा, हे म्हणायला सोपं.

म्हणून मग तेच पाणी वर-खाली फिरवायची युक्ती. घाटघरला हे २००८पासून चालू आहे. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर वरचं धरण, खाली शहापूरच्या बाजूला चोंढ्याजवळ दुसरं, मध्ये चारशेहून अधिक मीटरचा कडा, आणि २५० मेगावॅटचं भूमिगत वीजघर. मूळ कल्पना अशी की मध्यरात्री कोळशाची वीज शिल्लक राहते, तेव्हा पाणी वर चढवावं आणि गर्दीच्या वेळी खाली सोडावं. आता शिल्लक मध्यरात्रीची भर दुपारी आली आहे. यंत्रं तीच, कडा तोच, पंप चालवायची वेळ तेवढी उलटली. अशी स्थळं सह्याद्रीत पुष्कळ आहेत. टाटांनी भिवपुरी आणि शिरवता इथल्या २,८०० मेगावॅटसाठी २०२३मध्ये राज्य सरकारशी करार केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याचं उदंचनाचं, म्हणजे असं पाणी वर चढवून वीज साठवण्याचं, धोरणही आलं. पण हा डोंगर जगातल्या मोजक्या जैवसंपन्न डोंगरांपैकी आहे, त्याच्या मोठ्या भागाच्या पर्यावरण-संवेदनशील दर्जाचा वाद वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलनं साठ वर्षांनंतरही थांबलेली नाहीत. पाटण किंवा जावळीच्या माणसाला ‘आणखी एक धरण’ म्हटल्यावर काय आठवतं, हे मुंबईत बसून ठरवता येत नाही.

*

आता तार. सगळ्यात मोठा अडथळा कोणता असं मला कोणी विचारलं तर मी साठवणुकीच्या आधी तारेचं नाव घेईन, कारण साठवणुकीची किंमत तरी दरवर्षी उतरते आहे.

ऊन उदंड आहे ते थरच्या वाळवंटात आणि कच्छच्या रणात. भादल्याचं २,२४५ मेगावॅटचं सौर उद्यान फलोदीजवळच्या वाळूत आहे. कच्छमधल्या खावड्याला ३० गिगावॅटचा प्रकल्प आकार घेतो आहे. त्याची ७२,६०० हेक्टर जागा मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्यांच्याहून मोठी भरते. तिथे माणसं थोडी, कारखाने थोडे, म्हणून जागा मिळाली. आणि म्हणूनच तिथे वीज वापरायलाही कोणी नाही. खावड्याहून थेट नागपूरपर्यंत ८०० केव्हीची डीसी लाइन टाकायची आहे, ६,००० मेगावॅट वाहणारी. ती पुरी व्हायला हे दशक सरेल. तिची दोन्ही टोकांची कन्व्हर्टर स्थानकं बांधणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सध्या अर्धं जग त्यांच्या दारात रांगेत उभं आहे. लडाखच्या १३ गिगावॅटसाठी हरियाणातल्या कैथलपर्यंत आणायच्या लाइनला २०२३मध्ये २०,७७३ कोटींची मंजुरी मिळाली. ती तर हिमालयाच्या खिंडींतून यायची आहे. २०३०पर्यंतच्या अशा तारांचा केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२२मध्ये मांडलेला खर्च २ लाख ४४ हजार कोटींचा होता.

पैसा मिळतो. अडतं ते जमिनीवर. राजस्थानात तयार झालेले सौर प्रकल्प पूर्ण क्षमतेची वीज सोडू शकत नाहीत, कारण त्यांच्यासाठीची तार मागे राहिली आहे. दुपारी त्यांना ‘बॅक डाऊन’चा, म्हणजे निर्मिती उतरवण्याचा, आदेश येतो. कायद्याने सौर आणि पवन वीज ‘मस्ट रन’ आहे, म्हणजे आधी ती घ्यायची. पण ग्रिडच्या सुरक्षिततेचं कारण दिलं की हा दर्जा बाजूला ठेवता येतो, आणि तारेत जागाच नसेल तर कारण खरंही असतं.

तार मागे का राहते हे पाहायला राजस्थानला जायची गरज नाही. महाराष्ट्रात कुठेही ४०० किंवा ७६५ केव्हीची लाइन टाकायला घ्या. २००३च्या वीज कायद्यातून पारेषण कंपनीला अधिकार मिळतात ते १८८५च्या टेलिग्राफ कायद्याचे. इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवायला केलेला तो कायदा. त्यानुसार जमीन संपादित होत नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते, फक्त वर तार लोंबते आणि चार पायांचा टॉवर वावरात उभा राहतो. खांबाला हे ठीक होतं. ७६५ केव्हीच्या लाइनखाली साधारण ६७ मीटर रुंदीचा पट्टा अडकतो. त्यात आंब्या-चिंचेचं झाड वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही, जमीन विकायला काढली तर गिऱ्हाईक आधी वर बघतं. बरीच वर्षं टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला १५ टक्के अशी भरपाई होती. जून २०२४मध्ये केंद्राने ती अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांवर नेली. हे उशिरा सुचलेलं का होईना, शहाणपण आहे. पण मूल्य कशाचं धरायचं, रेडीरेकनरचं की शेजारच्या गटातल्या खऱ्या व्यवहाराचं, यावर प्रत्येक तालुक्यात बैठका झडतात. शेतकरी टॉवरचं काम अडवतो तेव्हा त्याला विकासाचा विरोधक म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या सोसायटीच्या गच्चीवरून ७६५ केव्ही नेऊ देण्याचा ठराव मांडून बघावा.

आणि माणसाखेरीज आणखी एक जण तारेच्या वाटेत आहे: माळढोक. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी जड उडतो, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. त्याचं उरलेलं मुख्य घर जैसलमेरच्या गवताळ माळावर आहे, म्हणजे नेमकं सौर आणि पवन प्रकल्पांच्या पट्ट्यात. वन्यजीव-संरक्षक रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. इतक्या उच्च दाबाच्या तारा इतक्या अंतरासाठी पुरणं तांत्रिकदृष्ट्या आणि खर्चाने अशक्यप्राय, असं सरकार आणि कंपन्या म्हणत राहिल्या. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने आदेश सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकाचा हक्कही मान्य केला. दोन्ही बाजूंना निसर्गच होता, म्हणून हा खटला मला अलीकडच्या काळातला सर्वात अवघड खटला वाटतो.

सोलापूरकरांना यातलं उत्तरार्धाचं पान आधीच ठाऊक आहे. नान्नजच्या माळढोकासाठी १९७९मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते आले, लोक वैतागले, पुढे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करावं लागलं, आणि आज नान्नजला माळढोक दिसणं ही बातमी होते. कागदावर प्रचंड क्षेत्र राखून पक्षी वाचत नाही. न राखताही वाचत नाही.

साताऱ्याच्या पठारावरची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या पवनचक्क्या महाराष्ट्रातल्या आद्य. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आहेत, त्यामुळे सरडे वाढलेत आणि ते निर्धास्तही झालेत. पवनचक्की जणू त्या पठारावरचा नवा शिकारी. अक्षय ऊर्जेच्या विरोधात हा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह काहींना होईल. कोळशाच्या खाणीखाली गेलेल्या ताडोबाभोवतीच्या जंगलाचा अभ्यास शेजारी ठेवला तर तो आवरेल. मला त्या पठारावर खटकतं ते दुसरंच. सर्वात चांगल्या वाऱ्याच्या जागांवर सर्वात जुन्या, सर्वात लहान, काही शे किलोवॅटच्या चक्क्या उभ्या आहेत. त्या जागी मोठ्या बसवल्या तर थोड्या खांबांत कितीतरी जास्त वीज मिळेल. धोरण २०१६मध्ये आलं, २०२३मध्ये सुधारलं, पण एकेका चक्कीचा मालक वेगळा, करार वेगळा, जमिनीचा कागद वेगळा. ते गुंते सुटल्याशिवाय वारा नुसता वाहत राहतो.

*

कराराची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण ती रुक्ष आहे, तरी टाळण्यासारखी नाही. केंद्राच्या संस्थांनी लिलाव करून प्रकल्प दिले आणि २०२५पर्यंत त्यातले ४० गिगावॅटच्या आसपासचे प्रकल्प खरेदीदाराविना पडून राहिले. राज्यांच्या वितरण कंपन्या सही करेनात. नुसती दुपारची वीज त्यांना नको. उद्या भाव आणखी उतरेल म्हणून त्या थांबतात. आणि आंतरराज्य तारेच्या भाड्यातली पूर्ण माफी ३० जून २०२५नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांसाठी टप्प्याटप्प्याने संपते आहे. २०२०च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर १.९९ रुपयांपर्यंत उतरला होता. तेव्हापासून प्रत्येक खरेदीदाराला वाटतं, आपण दोन-अडीच रुपयांना सही केली तर फसलो.

महाराष्ट्राने या कोंडीतून काढलेली वाट मात्र देशाने पाहावी अशी आहे, आणि तिचं मूळ शेतकऱ्याच्या एका जुन्या मागणीत आहे. थ्री फेज वीज आपल्याकडे शेतीला पाळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. थंडीत रात्री दोन वाजता वावरात दारं मोडायला जायचं, हातात बॅटरी, पायाखाली साप, जुन्नरकडे वर बिबट्या. दिवसा वीज द्या, ही घोषणा कोणत्याही हवामान परिषदेच्या कितीतरी आधीपासून गावोगाव ऐकू येते. आता दिवसा वीज शिल्लक राहते आणि शेतीच्या मोटारीला नेमकी तीच हवी. मोटारीला संध्याकाळचं काही पडलेलं नाही. तिची वीज पाण्याच्या रूपात शेततळ्यात आणि मातीत साठते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये आली, एप्रिल २०२३मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली, लक्ष्य पुढे १६,००० मेगावॅटवर गेलं. काही मेगावॅटचे छोटे सौर प्रकल्प गावाच्या सबस्टेशनजवळ, शेतीच्या फिडरला जोडलेले. वीज तिथेच तयार होते, तिथेच संपते. खावड्याहून नागपूरला न्यावी लागत नाही. जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची, हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. कर्नाटकातल्या पावगड्याचं २,०५० मेगावॅटचं उद्यानही शेतकऱ्यांकडून १३ हजार एकर भाड्याने घेऊनच उभं राहिलं. संपादनाने काय होतं हे धुळे जिल्ह्याने भोगलंय. सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात अन्याय झाला म्हणून खेटे घालून थकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. हरित विजेच्या कुठल्याही अहवालात ती नोंद नसते.

या योजनेलाही अडथळे आहेतच. सबस्टेशनजवळची सरकारी जमीन म्हणजे गायरान, आणि गायरान कोणाच्या तरी शेळ्यांचं किंवा कोणाच्या तरी अतिक्रमित कसणुकीचं असतं. फिडर जुने, डीपी ओव्हरलोड. पावसाळ्यात मोटारी बंद असतात तेव्हा ही वीज फिडरवरून उलटी वर चढते आणि सबस्टेशनला ती सवय नसते. शिवाय बहुतेक शेतकऱ्यांना वीज मोफत आहे, त्यामुळे दुपारी ती वाचवून भूजल वाचवायचं कारण त्यांच्याकडे उरत नाही. दिवसा आठ तास भरवशाची वीज आणि बिल शून्य: मराठवाड्यातल्या बोअरच्या तळाला पाणी किती राहील, याचा हिशेब महावितरणच्या कोणत्याच खात्यात होत नाही.

*

शहरांसाठी दुसरं औषध काढलं आहे. जुलै २०२५पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. कपडे धुवायचं यंत्र, पाण्याचा पंप, गिझर दुपारकडे सरकवा. कारखान्याला हे समजतं, तो पाळी बदलतो. दोघंही नोकरीला असलेल्या घरात दुपारी फ्रिज आणि मांजर यांखेरीज कोण असतं? संध्याकाळचा स्वयंपाक, पोरांचा अभ्यास आणि एसी दुपारी उरकता येत नाही. छतावर पॅनेल असलेला शेजारी मात्र दुपारी वीज ग्रिडला देतो आणि रात्री तितकीच परत घेतो. त्याचं बिल जवळपास शून्य. पॅनेल बसवायला ज्याच्याकडे गच्चीच नाही, तो भाडेकरू त्या रात्रीच्या विजेच्या खर्चातला वाटा उचलतो. हे बोलून दाखवलं की सौरऊर्जाप्रेमी रागावतात; पण रात्रीच्या विजेचे पैसे कोणी द्यायचे हा वाद महावितरण आणि वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांत उघड पेटलेला आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

बॅटऱ्यांमुळे त्यातलं थोडं सोपं होईल. २०२२च्या सुमारास साठवणुकीच्या पहिल्या मोठ्या लिलावात मेगावॅटमागे महिन्याला दहा लाखांहून जास्त भाडं निघालं होतं. तीन वर्षांत, सरकारी अनुदान धरून, ते दोन-अडीच लाखांच्या घरात आलं. आता सौर प्रकल्पाबरोबरच दोन-चार तासांची बॅटरी मागणाऱ्या निविदा निघत आहेत. उन्हाळ्यातली सात ते दहाची वेळ त्यातून बऱ्यापैकी निभेल.

बॅटरीच्या आवाक्याबाहेर राहतात ते आठवडे. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस नाही म्हणून धरणं भरेनात, उकाडा वाढला, पिकं वाचवायला मोटारी अहोरात्र सुरू झाल्या आणि १ सप्टेंबरला देशाची मागणी २४० गिगावॅटला भिडली. दोन तासांची बॅटरी तिथे दोन तासच पुरते. मागणी मात्र सलग कित्येक दिवस उतरली नाही. ती भागवली बहुतांशी कोळशाने. पुढे त्या हिवाळ्यात सांगलीच्या ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांवरच्या गावांनी कोयनेचं पाणी कृष्णेत सोडा म्हणून आवाज उठवला. विजेसाठी राखलेल्या ६७.५ टीएमसीतून शेतीला किती द्यायचं, हे ठरवायला बैठका बसल्या. टेंभू आणि म्हैसाळचे पंप ते पाणी उचलून वर चढवतात, तेही विजेवरच.